कावेरीकाठची यमुना

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे माणूस दोन गोष्टींची चौकशी आधी करतो : राहावयास जागा कशी मिळेल, आणि त्या गावी आपली माणसे कितपत आहेत. काही वर्षांपूर्वी आमची नेमणूक कुंभकोणमास झाली, तेव्हा या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आम्हांस एकाच दारात मिळाले. मेलकावेरी ही त्या शहराची, कावेरीचे नाव धारण करणारी वस्ती. तेथे ज्या घरी आम्ही जागा पाहावयास गेलो, त्या घरच्या वृद्ध मालकीणबाई तंजावरी मराठी निघाल्या. बखरीत शोभावा असा एखादा जुना मराठी शब्द आणि तमिळ स्वयंपाकघरातील चार शब्द त्यांच्या एकाच वाक्यात सुखाने नांदत. भाड्याची गोष्ट निघण्यापूर्वीच त्यांनी आम्हांस विचारले, "तुम्ही कुणाकडले?" आम्ही गाव सांगितले, आडनाव सांगितले, आजोळही सांगितले. आजींची खात्री पटली आणि किल्ली आमच्या हाती आली.

परमुलखात आपल्या भाषेत विचारलेला तो प्रश्न आम्हांस त्या दिवशी फार गोड वाटला. त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे एका तमिळ कादंबरीने आम्हांस दाखविली. त्या कादंबरीविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपल्याकडील सामाजिक कादंबरीविषयी, येथे थोडे लिहावयाचे आहे.

दक्षिणेत नेमणूक झालेला मराठी अधिकारी पहिल्याच मोठ्या सुट्टीत तंजावर गाठतो, हा जणू शिरस्ताच झाला आहे. बृहदीश्वराच्या प्राकारात १८०३ साली कोरलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तीर्ण मराठी शिलालेख पाहून कोणाचाही ऊर भरून येतो. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह, मोडी कागदपत्रे, शहाजीराजांची मराठी नाटके यांविषयी आपण पूर्वी वाचलेले असते. ते डोळ्यांनी पाहिल्यावर आपल्या भाषेचा पल्ला किती लांब होता हे जाणवते. कुंभकोणमास आलो की सर टी. माधवरावांचे नाव निघते. १८२८ साली या गावी जन्मलेला हा पुरुष त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. त्यांचे आप्त रघुनाथराव हेही येथलेच. तेही इंदूरचे दिवाण होते आणि विधवाविवाहाचे कट्टर पुरस्कर्ते म्हणून मद्रास इलाख्यात गाजले. १८८७ साली मद्रासेस सामाजिक परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्षस्थान माधवरावांकडे होते.

हा अभिमान खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो कोणाचा आहे आणि कोणास वगळून आहे, हे पाहिले पाहिजे. १८५५ साली तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केले. राणी कामाक्षीबाईंनी खाजगी मालमत्तेसाठी चालविलेला दावा थेट विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. सरकारने केलेली ती राजकीय कृती असल्यामुळे न्यायालयास तीत हात घालता येत नाही, असा निकाल १८५९ साली झाला. म्हणजे राजघराण्यातील स्त्रीलाही कायद्याने दार लावून घेतले. त्याच काळात देशस्थ घराण्यांतील पुरुषांनी इंग्रजी विद्या जवळ केली, आणि दरबार बुडाला तरी त्यांची लेखणी बुडाली नाही. राज्याच्या अस्ताचा परिणाम सर्व मराठी माणसांवर सारखा झाला नाही. ज्याच्या हाती लेखणी होती तो दिवाण झाला. जिच्या हाती काहीच नव्हते ती कोणाच्या तरी आश्रयास गेली. शिलालेखात व दिवाणांच्या चरित्रांत पहिल्या वर्गाची हकीकत सापडते. दुसऱ्या वर्गाची हकीकत आम्हांस सापडली ती मराठीत नव्हे, तमिळमध्ये.

त्या कादंबरीचे नाव 'मोहमुळ्'. यातील मोह हा शब्द आपल्या ओळखीचा. मुळ् म्हणजे काटा. लेखक ति. जानकीरामन. १९५६ च्या सुमारास ती 'स्वदेशमित्रन्'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली, मागाहून पुस्तकरूपाने निघाली, आणि आज तमिळमधील थोर कादंबऱ्यांत तिची गणना होते. जानकीरामन तंजावर जिल्ह्यात १९२१ साली जन्मले, कुंभकोणमच्या कॉलेजात शिकले, काही वर्षे शिक्षक होते आणि पुढे आकाशवाणीच्या नोकरीत मद्रास व दिल्ली येथे राहिले. १९७९ साली त्यांच्या 'शक्ति वैद्यम्' या कथासंग्रहास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि १९८२ साली ते वारले. गावापासून दूर, कचेरीच्या कामात असताना ज्याने आपले गाव लेखणीत धरून ठेवले, अशा या लेखकाविषयी आपल्यासारख्या वाचकांस आपुलकी वाटल्यावाचून राहणार नाही.

कादंबरीचा मुख्य भाग महायुद्धाच्या आगेमागेच्या कुंभकोणमात घडतो. बाबू हा पापनाशमकडील तरुण कॉलेजात शिकावयास येथे राहतो आणि संगीताची साधना करू पाहतो. त्याच्या वडिलांचे स्नेही सुब्रह्मण्य अय्यर यांचे दोन संसार. पहिला जातीतला, रीतसर, सर्वमान्य. दुसरा पार्वतीबरोबरचा, आणि ही पार्वती तंजावरकडील मराठी स्त्री. यमुना तिची मुलगी. ती बाबूहून सुमारे दहा वर्षांनी वडील आहे. बाबू लहानपणापासून तिच्याकडे भक्तीने पाहत आला आहे आणि त्या भक्तीचे प्रेमात रूपांतर होते, हा कादंबरीचा मुख्य धागा. यमुना त्याला प्रथम नकार देते, वर्षे लोटतात, घराची स्थिती खालावते, एका धनिकाच्या आश्रयास जाण्याचा मार्ग पुढे येतो, तो ती नाकारते, आणि अखेर मद्रासेस बाबूकडे येते.

समीक्षकांनी या कादंबरीची चर्चा बहुधा प्रेमाची आणि संगीताची कादंबरी म्हणून केली आहे. ते योग्यच आहे. परंतु आम्ही मराठी वाचक या नात्याने ती वाचू लागलो तेव्हा आमचे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीवर खिळले. यमुनेला पाहावयास माणसे येतात. मुलगी रूपवान, सुशील, घरंदाज वागणुकीची. पाहुण्यांना ती आवडते. मग आईचे कूळ निघते, आणि पाहुणे उठून जातात. कोणी अपमान करीत नाही, कोणी आवाज चढवीत नाही. फक्त पुन्हा कोणी येत नाही.

सामाजिक परिस्थितीचा परिणाम माणसाच्या आयुष्यावर होतो, हे वाक्य आपण सारेच सहज बोलतो. तो परिणाम नेमका कोणत्या वाटेने होतो हे सांगावयाची वेळ आली म्हणजे मात्र आपली वाणी अडखळते. आपल्या डोळ्यांपुढे येतो तो आघात : केशवपन, बहिष्कार, घरातून हाकलून देणे. जानकीरामन यांनी दाखविले ते असे की समाजाला आघात करावाच लागत नाही. त्याने निर्णय पुढे ढकलला की पुरे. आपणांस कचेरीच्या भाषेत हे लवकर समजेल. अर्ज नामंजूर झाला तर वरिष्ठांकडे अपील करता येते. पण प्रकरण विचाराधीन आहे एवढेच उत्तर वर्षानुवर्षे मिळत राहिले तर अर्जदाराने दाद कोणाकडे मागावी? यमुनेचे आयुष्य हे असे विचाराधीन ठेवलेले प्रकरण आहे. तिला कोणी शिक्षा केलेली नाही. तिचे वय तेवढे वाढत गेले आहे.

याच्या जोडीस पैशाची बाजू आहे, आणि लेखकाने ती विसरलेली नाही. सुब्रह्मण्य अय्यर जिवंत आहेत तोवर दुसऱ्या घराचे चालते. ते गेल्यावर तेच घर पहिल्या घरच्या मर्जीवर येऊन पडते, आणि मदतीचा ओघ आटत जातो. तंजावरच्या सुपीक भातशेतीवर मिरासदारांची दोन-दोन घरे पोसली जात होती, परंतु दुसऱ्या घराचा हक्क कोठेही लिहिलेला नव्हता. तो एका माणसाच्या श्वासाबरोबर होता. या कादंबरीच्या काळानंतर, १९५२ साली, तंजावर जिल्ह्यातील कुळांना व शेतमजुरांना संरक्षण देणारा कायदा आला आणि जुन्या मिरासदारीस उतरती कळा लागली. तो बदल न्याय्यच होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभे राहून भात लावला, त्यांचा तो हक्क होता. परंतु जुनी इमारत उतरविली जाते तेव्हा तिच्या माडीवरची माणसे जिन्याने खाली येतात आणि वळचणीस राहणारी मात्र उघड्यावर पडतात, हेही खरे. पहिल्या घरची मुले शिकून मद्रासेस, मुंबईस, दिल्लीस गेली. दुसऱ्या घरच्या मुलींचे काय झाले याची नोंद कोणत्या दप्तरात ठेवली जाणार?

येथे एका जुन्या गोष्टीची आठवण होते. सरफोजीराजांची प्रीती असलेली मुक्तांबाळ ही राणी नव्हती. तरी तिच्या नावाने राजाने ओरत्तनाडू येथे मोठे छत्र बांधले, आणि तेथे वाटसरूंना अन्न व मुलांना विद्या मिळण्याची सोय केली. राजाच्या दुसऱ्या घराला छत्र लाभले. मिरासदाराच्या दुसऱ्या घराला महिन्याचे तांदूळही लाभू नयेत, हा फरक नीतीचा नसून सत्तेचा आहे. ज्या समाजाने मुक्तांबाळेच्या छत्रात पंगतीस बसून भोजन केले, त्याच समाजाने पार्वतीच्या घरची सोयरीक नाकारली.

आता आपल्या कादंबरीकडे वळू. योगायोग असा की मराठी सामाजिक कादंबरीची नायिका पहिल्यापासून यमुनाच आहे. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले. त्यातील यमुना पतीबरोबर प्रवासास निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते. पुढे स्वतःवरही तोच प्रसंग येतो, ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुनर्विवाह करते. येथे समाज म्हणजे रूढी. ती प्रवाशाच्या डोळ्यांनी, एकामागून एक उदाहरणे पाहत जावी तशी पाहिलेली आहे. पुढे १८९० पासून हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षांत कोण घेतो!' लिहिली. तिची नायिका यमू. येथे रूढी प्रवासात भेटत नाही. ती माजघरात राहते, सासऱ्याच्या आवाजात बोलते आणि शेवटी न्हाव्याच्या वस्तऱ्याने यमूच्या मस्तकाला स्पर्श करते. हरिभाऊंचे सामर्थ्य असे की वाचकास माजघराबाहेर पळता येत नाही.

तिसरी नायिका कालिंदी; आणि कालिंदी हे यमुनेचेच दुसरे नाव. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या 'ब्राह्मणकन्या' या १९३० मधील कादंबरीची ही नायिका यमुनेची खरीखुरी बहीण म्हणावी अशी आहे. तिचा पिता ब्राह्मण, परंतु आईच्या घराण्याची परंपरा समाजास अमान्य. म्हणून ती नावाने ब्राह्मणकन्या असली तरी ब्राह्मणाच्या घरी तिला कोणी करून घेत नाही. ती एका व्यापाऱ्याबरोबर लग्नावाचून राहते, तेथून बाहेर पडते आणि शेवटी तिचा विवाह होतो. केतकर जातिसंस्थेचे अभ्यासक; त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. ज्ञानकोशाचा अवाढव्य प्रकल्प त्यांनी तडीस नेला. त्यांची पत्नी जन्माने जर्मन ज्यू, आणि व्रात्यस्तोम विधीने तिला त्यांनी हिंदू करून घेतले होते. म्हणजे समाजाने कोणास आत घ्यावे आणि कोणास घेऊ नये हा प्रश्न त्यांना स्वतःच्या उंबरठ्यावर भेटलेला होता.

असे असूनही 'ब्राह्मणकन्या' वाचताना कालिंदीपेक्षा कालिंदीचा प्रश्नच आपल्या लक्षात राहतो. पात्रे एकत्र येतात ती वाद करण्यासाठी. समाजरचना, विवाह, जात यांवर पानेच्या पाने चर्चा चालते. ती चर्चा आजही वाचनीय आहे. मराठीत इतक्या निर्भयपणे या विषयाचा विचार त्या काळी थोड्यांनीच केला. परंतु कालिंदी रात्री एकटी असताना तिला काय वाटत होते, याची वाट पाहत वाचक बसतो आणि बहुधा रिकाम्या हाताने परततो. केतकरांना प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि उत्तर मिळाले की त्यांची कादंबरी संपते. १९३३ मधील 'कळ्यांचे निःश्वास' या संग्रहात विभावरी शिरूरकरांनी शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनात थेट प्रवेश केला, तेव्हा मराठी वाचक खडबडून जागा झाला तो याच कारणाने. तेथे प्रश्न नव्हता, निःश्वास होता.

'मोहमुळ्'ची गंमत अशी की तीत केतकरांचा प्रश्न आहे आणि विभावरींचा निःश्वासही आहे, परंतु दोहोंपैकी कशाचाही गाजावाजा नाही. यमुना आपल्या स्थितीवर व्याख्यान देत नाही. ती घरात वावरते, आईची समजूत घालते, बाबूशी बोलते, नकार देते. तिच्या नकाराचे कारण केवळ वयातील अंतर नाही असे आम्हांस वाटते. ज्या स्त्रीला सारा गाव तिच्या आईच्या कुळावरून ओळखतो, तिला आपण आईच्याच वाटेने जाणार आहोत असे जगास म्हणू द्यावयाचे नाही. तिचा ताठा हा तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला जन्मदाखला आहे. म्हणूनच शेवटी ती बाबूकडे येते तेव्हा तो प्रेमाचा विजय म्हणून वाचणे आम्हांस जड जाते. इतकी वर्षे जपलेला तो ताठा गरिबीने आणि काळाने झिजविला आहे, आणि जे उरले ते तिने आपण होऊन दिले आहे. देण्यातील हे औदार्य आणि देण्यामागील ही झीज, दोन्ही एकाच वेळी दाखविणे हे फार थोड्या लेखकांस साधते.

गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. सारी कादंबरी बाबूच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे आणि बाबूच्या डोळ्यांवर भक्तीची झापड आहे. त्यामुळे यमुना अनेकदा देव्हाऱ्यातील मूर्तीसारखी वाटते; तिला भूक लागते, राग येतो, कंटाळा येतो, हे आपणास उशिरा समजते. शेजारची तंगम्मा, वृद्धास दिलेली ती तरुण पत्नी, बाबूच्या आयुष्यात येते, त्याने झिडकारल्यावर जीव देते, आणि कादंबरी पुढे जाते. तिचा बळी बाबूच्या मनाच्या शुद्धीसाठी खर्ची पडला अशी शंका वाचकास चाटून जाते. सर्वांत मोठी उणीव पार्वतीच्या बाबतीत आहे. ही मराठी स्त्री कोणत्या परिस्थितीत त्या घरात आली, रात्री एकटी असताना ती कोणत्या भाषेत देवाचे नाव घेत असे, मुलीचे एकेक स्थळ परत गेल्यावर आपल्या निर्णयाविषयी तिला काय वाटले, हे जाणण्याची आमची ओढ कादंबरी पुरी करीत नाही. परंतु हा दोष जानकीरामन यांच्या माथी मारताना आमची जीभ अडखळते. तमिळ लेखकाने निदान तिला दार उघडून आत घेतले. तिचे मन तिच्या भाषेत लिहिण्याचे काम आमचे होते.

याच भूमीत कलेच्या बाबतीत निराळाच न्याय झाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मराठी कीर्तनकार तंजावरास आले. त्यांच्या पद्धतीवरून कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते व छंद तमिळ श्रोत्यांच्या कानांत कायमचे बसले. साकीला कोणी विचारले नाही की तू कुणाकडली. सूर आणि छंद यांना समाज आपल्या घरात घेतो, कारण ते वारसाहक्क मागत नाहीत. मुलगी घरात घ्यावयाची म्हणजे तिच्यामागून नाव, शेत, पंगत आणि श्राद्ध येते; तेथे समाज दारातच उभा राहून चौकशी करतो. संस्कृतीचा मिलाफ झाला म्हणून आपण सभासंमेलनांतून समाधान व्यक्त करतो, तेव्हा हा मिलाफ कोठवर गेला आणि कोणत्या उंबऱ्यावर थांबला, एवढे तरी पाहावे.

कोणी म्हणेल की हे सारे जुने झाले. आता कायदे बदलले. बदलले हे खरे आहे. एक पत्नी असता दुसरी करण्यास मुंबई राज्यात १९४६ च्या कायद्याने, मद्रासेत १९४९ च्या कायद्याने आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हिंदूंपुरती सर्वत्र बंदी झाली. १९५६ साली वारशाचा कायदा आला. विवाह कायद्याने रद्दबातल ठरला तरी त्यातून झालेली मुले औरस मानावीत, ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने व्यापक झाली; आणि अशा मुलांस एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत आपल्या आईबापांच्या वाट्यापुरता हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. ज्यांच्या आईबापांचा विवाहविधीच झाला नाही, त्यांचा प्रश्न याहूनही बिकट राहिला. तरीही ही सर्व पावले मोलाची आहेत. त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु सुधारणेला तारीख असते आणि माणसाला वय असते, आणि या दोहोंची गाठ वेळेवर पडतेच असे नाही. १९५५ चा कायदा झाला तेव्हा कादंबरीतील यमुना चाळिशी ओलांडून गेली असती. १८८७ साली मद्रासेस सामाजिक परिषद भरली, तिचे पहिले अध्यक्षपद कुंभकोणमच्या सुपुत्राने भूषविले. त्यानंतर साठ वर्षांपर्यंत कुंभकोणमच्या एका घरात एक मुलगी लग्नाची वाट पाहत बसलेली एका लेखकाला दिसू शकली. समाजाचा इतिहास लिहिणारा मनुष्य ठरावाच्या तारखेपासून ओळ ओढतो. कादंबरीकाराचे काम असे की त्या ठरावाची वाट पाहता पाहता जिचे केस पांढरे झाले, तिच्यापाशी त्याने बसावे. या अर्थाने 'मोहमुळ्' ही आमच्या मते प्रेमकथा असूनही प्रथम दर्जाची सामाजिक कादंबरी आहे.

आता थोडे स्वतःविषयी. कादंबरी वाचून होत आली तेव्हा एका संध्याकाळी आम्ही मेलकावेरीच्या आमच्या घरमालकीणबाईंना तिची गोष्ट सांगितली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. यमुनेला पाहावयास माणसे येतात येथवर आम्ही आलो तोच त्यांनी विचारले, "तिची आई कुणाकडली?" आम्ही सांगितले, "आपल्याकडली. मराठी." आजी काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी पण तेच विचारले, नाही?" आणि दिवा लावावयास आत गेल्या.

त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. त्याच सुमारास आमच्या भाच्यासाठी एक स्थळ आले होते. मुलीचे घर दक्षिणेतच स्थायिक झालेले, वडील मराठी, आई दुसऱ्या जातीतली. आमच्या बहिणीने चौकशीचे काम आमच्यावर सोपविले. आम्ही चौकशी केली. मुलगी शिकलेली, घर सज्जनांचे. नाही म्हणण्याजोगे काहीच हाती लागले नाही, आणि होय म्हणण्याचे धैर्य झाले नाही. आम्ही मुलीच्या वडिलांना पत्र लिहिले की लवकरच कळवितो. नंतर कचेरीच्या कामाची गर्दी झाली. त्यांची दोन पत्रे आली, तिसरे आले नाही. आम्ही कोणास नकार दिला नव्हता. आमच्या हातून कोणावर अन्याय झाला असे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. यमुनेच्या दारातून उठून गेलेल्या पाहुण्यांचे वर्णन वाचताना मात्र त्यांच्यापैकी एकाचा चेहरा आम्हांस ओळखीचा वाटला.

समाज म्हणून जे काही आहे ते अशा सभ्य पत्रांनी बनलेले असते, हे आम्हांस या कादंबरीने शिकविले. रूढीला आपण राक्षसिणीचे रूप देतो आणि आपल्या हातात वस्तरा नाही म्हणून निर्धास्त राहतो. वस्तऱ्याची गरज आता उरलेली नाही. 'कळवितो' हा एक शब्द पुरेसा आहे. आपल्या मराठी कादंबरीने केशवपनाविरुद्ध लिहिले, जरठविवाहाविरुद्ध लिहिले. या शब्दाविरुद्ध तिने पुरेसे लिहिले असे आम्हांस वाटत नाही. आणि परप्रांतांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसांच्या, विशेषतः मराठी स्त्रियांच्या आयुष्यास तर तिने फार थोडा स्पर्श केला आहे. तंजावरपासून बडोद्यापर्यंत आणि इंदुरापासून ग्वाल्हेरपर्यंत कितीतरी पार्वती आपापल्या भाषेत गप्प बसून गेल्या असतील. आपल्यापैकी जे लिहू शकतात, ज्यांना बदलीच्या निमित्ताने या घरांच्या ओसरीवर बसावयास मिळते, त्यांनी आपल्या फिरतीच्या रोजनिशीत शिलालेखांबरोबर या घरांचीही नोंद करावी.

तंजावरचा शिलालेख वाचकांनी अवश्य पाहावा. मात्र परतताना कुंभकोणमास उतरावे, कावेरीच्या काठाने थोडे चालावे, आणि ज्यांना तमिळ येते त्यांनी ही कादंबरी मिळवून वाचावी. येत नसेल त्यांनी एखाद्या तमिळ स्नेह्याकडून तिची गोष्ट ऐकावी. आणि घरी पोहोचल्यावर टेबलाच्या खणात एखादे उत्तर न दिलेले पत्र पडले असेल, तर होय किंवा नाही, जे काही असेल ते, त्याच रात्री लिहून टाकावे.